बिनशिलाईचा माणूस

रामकिसन मास्टरांनी शर्ट-पँट सोडली ती दत्तजयंतीच्या सुमारास. गुलमंडीच्या मागच्या बोळात त्यांचं शिवणकामाचं दुकान. उमेदीची सगळी वर्षं लोकांना सफारी शिवून देण्यात गेलेली. असा माणूस एक दिवस सकाळी पंचा नेसून, खांद्यावर उपरणं टाकून चहाला येऊन बसला, तेव्हा त्यांच्या बायकोला, मंजुषाला, आधी वाटलं की पँट धुवायला पडली असेल. तिनं विचारलंही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका सगळंच विचारत बसत नाहीत. बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात, आणि ज्या कळत नाहीत त्या न कळलेल्याच बऱ्या असतात.

पण दुसऱ्या दिवशीही पंचाच. तिसऱ्या दिवशी मास्टर त्याच वेशात स्कूटरवर बसून दुकानाकडं निघाले आणि हडकोच्या पहिल्याच वळणावर उपरण्याचं टोक मागच्या चाकात गेलं. नशीब बलवत्तर म्हणून गाडी हळू होती. गळ्यावर लाल वळ घेऊन ते घरी परत आले, तेव्हा मात्र मंजुषाचा धीर सुटला.

"अहो, हे काय सोंग काढलं म्हणायचं?"

"सोंग नाय," मास्टर वळावर खोबरेल चोळत म्हणाले. "आजवर अंगावर घातलं ते सोंग होतं."

झालं होतं असं. हडकोतल्या दत्ताच्या देवळात टेकडीवरचे महाराज प्रवचनाला आले होते. खुलताबादच्या पुढं एका टेकडीवर त्यांचा छोटासा मठ आहे. प्रवचन संपल्यावर एका बाईनं विचारलं, महाराज, पूजेला शिवलेले कपडे का चालत नाहीत? महाराज म्हणाले, धोतर काय, लुगडं काय, मागावरून उतरतं तसंच नेसतात. त्याला कात्री लागत नाही, सुई लागत नाही. ते अखंड असतं. देवापुढं जाताना माणसानंही अखंड जावं, तुकडे जोडून जाऊ नये. सगळ्यांनी माना डोलावल्या, प्रसादाचे पेढे घेतले आणि आपापल्या घरी जाऊन टीव्ही लावला. एकटे मास्टर खांबाला टेकून बसून राहिले.

"मी जन्मभर काय केलं सांग," ते मंजुषाला म्हणाले. "कापलं. देवानं अखंड दिलेलं कापड घेतलं अन् कात्रीनं टराटरा कापलं. मग ते पाप झाकायला शिवलं. जे देवाला चालत नाय, नेमकं तेच मी केलं ना?"

"देवाला चालत नसंल," मंजुषा म्हणाली, "गिऱ्हाइकाला तर चालत होतं ना? का तहसीलदारानं तागा गुंडाळून कचेरीत जायला पाहिजे होतं?"

पण मास्टरांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला देवच खाली यावा लागतो, आणि इथं तर देवाचंच नाव पुढं होतं. त्यांनी सुईला हात लावणं सोडलं. दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. घरी मंजुषाचं शिलाई मशीन होतं, कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम ती करायची. तिची नजर अधू झाल्यापासून रोज सकाळी मास्टर तिला सुया ओवून द्यायचे. तेही बंद झालं. मग तिनं शेजारच्या लक्ष्मीबाईंना गळ घातली. लक्ष्मीबाईंची नजर तिच्यापेक्षा अधू, त्यामुळं दोघी मिळून सुईशी बराच वेळ झटायच्या.

मग कपाट रिकामं व्हायला लागलं. सगळे कपडे मास्टरांनी स्वतःच्या हातानं स्वतःसाठी शिवलेले. कॉलर अशी बसलेली की बघणाऱ्यानं वळून बघावं. ते एकेक करून त्यांनी वाटून टाकले. मुलाच्या, इंद्रजीतच्या, लग्नात घातलेली आकाशी सफारी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला दिली. दुसऱ्या दिवशी तो ती घालून मेथी विकत उभा. मंजुषा पिशवी घेऊन बाहेर पडली आणि क्षणभर तिला वाटलं, आपल्या नवऱ्यानंच गाडा लावला. तिला हसू यायला हवं होतं, पण ती मेथी न घेताच घरी आली आणि मोरीत तोंड धुवत उभी राहिली.

गल्लीत मात्र मास्टरांचा भाव वधारला. एरवी त्यांना नमस्कार न करणारे लोक आता वाकून नमस्कार करू लागले.

"मंजुषा, तुमच्या घरात साधुपुरुष हाय गं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "किती साधं राहणं!"

"व्हय. अन् साधुपुरुषाचं पांढरं रोज कोण धुतं ते पण विचारा," मंजुषा म्हणाली. "पँट आठवडाभर चालायची. ह्या साधेपणाला रोज वेगळी बादली अन् वर नीळ लागती."

इंद्रजीत पुण्याला कंपनीत होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, करू दे गं त्यांना. ह्या वयात होतं असं. आपोआप उतरंल." जसा काही तापच आहे.

पण मंजुषाला एक गोष्ट ठाऊक होती, जी ना लक्ष्मीबाईंना ठाऊक होती ना इंद्रजीतला. आपल्याला ठाऊक आहे हे तिनं मास्टरांनाही कधी कळू दिलं नव्हतं. शटर ओढण्याच्या कितीतरी आधी दुकान बंद पडलेलं होतं. पोरं तयार कपडे घालतात. नवरदेव शेरवानी भाड्यानं आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत देतो. सफारी शिवणारी पिढी एक तर गेली, नाहीतर घरात बसली. तरी मास्टर रोज डबा घेऊन दुकानात जायचे आणि संध्याकाळी "आज लई काम होतं" म्हणत यायचे. त्यांच्या शर्टाला पूर्वी दोऱ्यांचे बारीक तुकडे चिकटलेले असायचे. ती ते धुण्याआधी वेचायची आणि कुरकुरायची. मग वेचायला काही राहिलंच नाही. धोब्याच्या दुकानातून यावा तसा शर्ट ज्या घरातला नवरा कामावरून घेऊन येतो, त्या घरातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. कामानं मास्टरांना आधीच सोडलं होतं. मास्टरांनी काम सोडलं ते नंतर.

म्हणून ती चिडली तरी तिनं फार ताणलं नाही. बुडत्याच्या हाती लागलेली काडी आहे, ती तरी का हिसकावून घ्यावी?

पौष लागला आणि एके दुपारी मास्टर तिच्या मशीनपाशी येऊन बसले. ती एका साडीला फॉल लावत होती.

"मठात राहायला जावं म्हणतो."

"किती दिवस?"

"तिथं दिवस मोजायला जात नसतात."

मंजुषाचा पाय मशीनवर थांबला. सुई कापडात अर्धी गेलेली तशीच राहिली.

"महाराजांची एक अट हाय," मास्टर तिच्याकडं न बघता म्हणाले. "लग्न झालेल्या माणसाला बायकोच्या संमतीबिगर ते ठेवून घेत नाहीत. बायकोनं स्वतः यायचं अन् त्यांच्यासमोर हो म्हणायचं. तू हो म्हण."

एवढं बोलून ते उठले आणि ओट्यावर जाऊन माळ ओढत बसले. मंजुषानं फॉल पूर्ण केला. उलटा लावला होता हे तिला साडीची घडी करताना कळलं.

पुढचे काही दिवस तिचे वाईट गेले. आधी तिला राग आला. संसाराचा गाडा दोघांनी ओढला आणि आता उतार लागल्यावर हे एकटेच उडी मारून मोकळे होणार! मग भीती वाटली. घरात दुसरं माणूस नसलं म्हणजे भांड्याचा आवाज केवढा मोठा होतो, ते तिनं विधवा नणंदेच्या घरी पाहिलं होतं. मग ती विचार करू लागली. 'नाही' म्हणावं तर? राहतील. जाणार कुठं? पण दाव्याला बांधलेल्या बैलासारखे राहतील, अंग गोठ्यात आणि तोंड रानाकडं. रोज सकाळी त्यांच्याकडं बघताना आपण ह्यांना अडकवून ठेवलंय हेच दिसणार. शहरात तर त्यांना विचारणारं कुणी उरलं नाही. तिथं टेकडीवर चार लोक मान देत असतील, त्यांच्या जिवाला थंडावा मिळत असेल, तर आपण आडवं का यावं? माया असेल तर सोडताही यायला पाहिजे, असं तिनं स्वतःला पुनःपुन्हा बजावलं. बजावताना दर वेळी हातातला टाका चुकायचा, ती गोष्ट वेगळी.

गुरुवारी दोघं काळीपिवळी जीपनं निघाले. मंजुषानं नेहमीची सुती साडी नेसली. नवरा देऊन टाकायला जाताना काठपदराची कशाला? दौलताबादच्या पुढं घाट लागला आणि गार वारं आत घुसलं. मास्टर उघड्या अंगावर नुसतं उपरणं घेऊन बसलेले, दातावर दात आपटत होते. तिनं आपली शाल पुढं केली.

"नको. तिच्या कडंला तुरपाई हाय."

"मग मरा गारठून," ती म्हणाली आणि शाल स्वतःच घट्ट लपेटून घेतली. जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं खुदकन हसून खिडकीकडं तोंड फिरवलं.

मठ म्हणजे पत्र्याची लांब ओसरी, एक छोटं देऊळ, एक हौद आणि पिंपळ. ओसरीवर पांढऱ्या धोतरांतले सात-आठ पुरुष ओळीनं बसले होते. सगळे साठीच्या पुढचे, सगळे भरल्या घरचे वाटणारे. त्यांतले एक गृहस्थ धोतराचा सोगा हातात धरून तक्रार करत होते, "ह्याला खळ नाही की इस्त्री नाही. नेसायचं तरी कसं? आणि चहाचं काय झालं?" हे नानासाहेब. वैजापूरच्या तहसीलमधून निवृत्त झालेले, हे त्यांनीच कुणी न विचारता सांगितलं.

महाराज त्या सगळ्यांपासून लांब, उन्हात बसून मेथी निवडत होते. वाळकी अंगकाठी, पांढरी दाढी, कमरेला भगवी छाटी. अंगावर एक जाडजूड वाकळ पांघरलेली. मंजुषा पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. वाकळ तुकड्या-तुकड्यांची होती. भगव्याच्या निरनिराळ्या छटा, काही इतक्या विटलेल्या की मातीच्या रंगाच्या झालेल्या. आणि प्रत्येक तुकडा टाके घालून जोडलेला. टाके वेडेवाकडे, कुठं लांब कुठं आखूड, पण घट्ट.

"महाराज," तिच्या तोंडून निघून गेलं, "हे तर शिवलेलं हाय!"

"मग? थंडी वाजती," महाराज म्हणाले.

"पण ह्याला सुई..."

"सुई नाही लावायची तर काय डिंकानं चिकटवायचं?" महाराजांनी वाकळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. "आमच्या मठाची रीत हाय. गुरू गेले की त्यांच्या छाटीचा एक तुकडा शिष्यानं आपल्या कंथेला, म्हणजे ह्या वाकळीला, जोडायचा. स्वतःच्या हातानं. हा माझ्या गुरूंचा. हा त्यांच्या गुरूंचा. हा कुणाचा ते आता मलाही सांगता येत नाही. सगळे अंगावर घेऊन झोपतो."

मंजुषानं मास्टरांकडं पाहिलं. कापड उलट्या बाजूनं कापल्यावर नवख्या कारागिराचं होतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"पण महाराज," मास्टर चाचरत म्हणाले, "आपणच दत्ताच्या देवळात म्हणाला होता. सुई लागलेलं देवाला चालत नाय. अखंड पाहिजे."

"पूजेला म्हणालो होतो, पूजेला! बाईनं पूजेचं विचारलं, मी पूजेचं सांगितलं. पूजा किती वेळ चालती? तेवढ्या वेळ माणसानं सगळं जोडलेलं, चिकटवलेलं बाजूला ठेवावं. नाव, गाव, धंदा. बाकीचा दिवस काय सगळ्या मुलखानं उघडं हिंडायचं?" महाराजांनी मेथीची जुडी झटकली. "तुम्ही दुकान बंद केलं म्हणे. माझ्यामुळं?"

मास्टरांनी उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग मान वर करून म्हणाले, "ते असू द्या. कपड्याचं माझं चुकलं असंल. पण मला इथंच राहायचं हाय. माझं ठरलंय. ही हो म्हणायला आली हाय."

महाराजांनी मंजुषाकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम आशा दिसली, पण कसली ते तिला कळलं नाही.

"बोला बाई. तुमचं काय म्हणणं?"

 वाटेत पाठ करत आणलेलं सगळं मंजुषा विसरली. तरी तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "माझी ना नाही, महाराज. राहू द्या त्यांना."

महाराजांच्या हातातली काडी खाली पडली.

"नीट विचार केला का?"

"केला."

"घरात कुणी आजारी? पोरीबाळीचं लग्न? कोर्टकचेरी?"

"काही नाही. सगळं झालं आमचं."

"अरे देवा," महाराज म्हणाले. त्यांनी ओसरीकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बाई, ही अट मी कशासाठी घातली, सांगू का? बायका नाही म्हणतात म्हणून. घरचं बोलणं मनाला लागलं की उठला अन् आला माणूस मठात. बायको आली, रडली, दोन शिव्या घातल्या की निमूट परत जातो. तेवढाच माझा बचाव. अन् ते तिकडं चहासाठी बसलेत ना ओळीनं, त्यांच्या बायका हो म्हणाल्या."

मंजुषाला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदम आल्यावर बाईची फार पंचाईत होते. तिनं पदर तोंडाला लावला.

"कपडे उतरवणं सोपं हो," महाराज आता मास्टरांना म्हणत होते. "मीही तरुणपणी छाटी नेसली तेव्हा वाटलं, झालं आपलं काम. आज म्हातारा झालो, तरी आमटी अळणी झाली की स्वयंपाक्यावर ओरडतोच. आतलं अस्तर काही ह्या छाटीबरोबर बदललं नाही. जावा, जेवून घ्या दोघं. बाई हो म्हणाल्यात, माझा शब्द मी मोडणार नाही. पण आधी जेवा."

पंगत बसली. भाकरी, मेथीची भाजी आणि आमटी. आमटी खरंच अळणी होती. मंजुषानं कसेबसे चार घास खाल्ले. मास्टरांनी भाकरी मोडली, कुस्करली आणि तशीच ठेवली. उठून ते हौदाच्या कडेला पिंपळाखाली जाऊन बसले. ती हात धुऊन त्यांच्यापाशी गेली. आता निरोपाचं काहीतरी बोलावं लागणार. गोळ्या वेळेवर घ्या, रात्री कानाला बांधत जा, असलं काहीबाही.

"एवढ्या लवकर हो म्हणालीस?" मास्टर म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. "काय?"

"महाराजांनी विचारलं अन् तू लगेच हो म्हणालीस. एकदा तरी थांबायचं. एकदा तरी इकडं बघायचं."

"तुम्हीच सांगितलं ना, हो म्हण म्हणून!"

"सांगितलं. माणूस सांगतो." त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटलं तू रडशील. भांडशील. जीपमधी बसायच्या आधीच म्हणशील, गप घरी चला. तू तर साडी नेसून तयार! मी सगळ्या घाटात वाट बघत होतो तू काय बोलतीस म्हणून. अन् तू मला म्हणाली, मरा गारठून."

मंजुषा त्यांच्याकडं बघतच राहिली. इतके दिवस ती रोज जीव मुठीत धरून मोठेपणाची तयारी करत होती, आणि हा माणूस ती भांडायची वाट बघत होता!

मास्टर मान खाली घालून बोलत सुटले. "दुकानात कुणी येत नव्हतं, मंजू. मी तुला सांगितलं नाय. दिवसभर टेप गळ्यात घालून बसायचो. गळ्यात टेप असला की माणूस कामात हाय असं बाहेरून दिसतं. शेजारचा मोबाइलवाला विचारायचा, मास्टर, काय चाललंय? म्हणायचो, लई काम हाय. एक दिवस एक पोरगं आलं, वाटलं माप द्यायला आलं. तर म्हणतं, काका, हे दुकान भाड्यानं देता का? त्याच संध्याकाळी देवळात महाराजांचं ते सुईचं ऐकलं. बरं वाटलं बघ मला. आपल्याला कुणी टाकलं नाय, आपणच टाकलं, असं म्हणता आलं." त्यांनी उपरणं खांद्यावर ओढून घेतलं. "अन् आज वाटलं, हिला पण माझी गरज नाय. झालं. सगळ्या बाजूनं मोकळा झालो."

"मला माहीत होतं," मंजुषा म्हणाली.

"काय?"

"दुकानाचं. तुमच्या शर्टाला दोरे लागायचे थांबले तेव्हापासून."

मास्टरांनी मान वर केली. "मग बोलली का नाय?"

"कशी बोलू? रोज येऊन म्हणायचे, लई काम होतं. मी काय म्हणू, खोटं बोलू राहिले?" तिचा आवाज चढला. ओसरीवरच्या पांढऱ्या ओळीतली तोंडं इकडं वळली, पण आता तिला त्याची पर्वा नव्हती. "मी हो म्हणाले ते तुम्ही नकोत म्हणून नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले. अन् आता तुम्हाला ऐकायचंच हाय ना, तर ऐका. मला नाही चालायचं तुमच्याबिगर. रोज दुपारी तुम्ही ओट्यावर बसून माळ ओढता, नुसता तो आवाज ऐकत मी मशीन चालवते. जेवताना तुम्ही भाजीला नाव ठेवता, ते ऐकल्याबिगर मला घास जात नाही. तुम्हाला वाटतं तुमच्याकडं काम राहिलं नाही म्हणून तुम्ही कुणाला नकोसे झाले. गिऱ्हाइकाला झाले असाल. मी काय गिऱ्हाईक हाय? मला तुम्ही बिनकामाचे पाहिजेत. पंचात या, पँटीत या, नाहीतर ती वाकळ गुंडाळून या. पण घरी या."

बोलून झाल्यावर तिला धाप लागली. आयुष्यात ती एवढं लांब कधी बोलली नव्हती, निदान ब्लाउजच्या मापाशिवाय दुसऱ्या कशावर नाही. मास्टरांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. बराच वेळ ते तसंच धरून ठेवलं. मग उपरण्याआडून हुंदक्यासारखा आवाज आला, आणि तिच्या ध्यानात आलं की ते हसताहेत.

"बिनकामाचे," ते म्हणाले. "चांगला शब्द काढला."

"खरा हाय तो."

"लई खरा हाय."

मंजुषाच्या छातीवर पौष लागल्यापासून जो धोंडा बसला होता, तो उतरला. तिनं मोठा श्वास घेतला. ऊन छान पडलं होतं, हे तिला आत्ता कळलं. हौदात पिंपळाचं पान पडलं होतं आणि त्यावर एक मुंगी बसली होती. तिला एकदम कडकडून भूक लागली.

दोघं महाराजांपुढं गेले. मंजुषानं हात जोडले आणि ओसरीला ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली, "महाराज, माझी परवानगी नाही. मी ह्यांना घरी घेऊन चालले."

"सुटलो!" महाराज म्हणाले. एका संन्याशाच्या तोंडी तो शब्द इतक्या मनापासून आलेला बहुधा कुणी ऐकला नसेल. त्यांनी एका नारळाच्या जागी दोन नारळ दिले आणि मंजुषाच्या ओटीत निवडलेली मेथी घातली. मास्टरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पूजेला पंचा नेसा. बाकीच्या वेळी अंगभर घाला. कमी कपडे ठेवा, पण जे ठेवाल त्याला नावं ठेवू नका. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. मला अजून जमलं नाही."

ते फाटकापाशी पोचले तेव्हा मागून नानासाहेब भराभरा चालत आले. सोगा हातातच होता. "बाई," ते म्हणाले, "तुमचं वैजापूरकडं कधी जाणं-येणं होतं का?"

"माहेर तिकडचंच हाय माझं."

"मग आमच्या घरी एक निरोप द्याल?" नानासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "म्हणावं, एकदा येऊन नाही म्हणून जा."

मंजुषानं निरोप द्यायचं कबूल केलं. दुसऱ्याच आठवड्यात ती जाऊन तो देऊनही आली. त्या बाई म्हणाल्या, बघते. पण बघते म्हणताना हसल्या, म्हणजे जातील.

घरी आल्यावर खरी अडचण समोर उभी राहिली. कपाटात घालायला काही म्हणजे काही नव्हतं. भाजीवाल्याकडून सफारी परत मागायला मास्टर तयार होईनात. "दिलेलं परत घ्यायचं नसतं. आणि त्याच्या अंगाला ती बसलीय पण चांगली." दुसऱ्या दिवशी सकाळी पंचा नेसून त्यांची पूजा झाली. मग त्यांनी दुकानातून आणलेला साध्या सुती कापडाचा तुकडा मशीनवर टाकला आणि टेप घेऊन मंजुषाला हाक मारली.

"दोनच जोड शिवायचे. एक अंगावर, एक दोरीवर. जास्त नको. ये, माप घे."

"मी?"

"मग कोण? स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाय. पूर्वी दुकानात कारागीर होता, तो घ्यायचा. आता तू घे."

मंजुषानं आजवर बायकांचीच मापं घेतली होती. तिनं टेप मास्टरांच्या पाठीमागून फिरवला आणि दोन्ही टोकं पुढं आणण्यासाठी तिला त्यांच्या अगदी जवळ यावं लागलं. ते सरळ उभे राहिले, गिऱ्हाइकासारखे, श्वास रोखून. एवढ्या जवळून त्यांच्या छातीचे ठोके तिला ऐकू येत होते.

"श्वास सोडा की," ती म्हणाली.

त्यांनी सोडला. "किती भरलं?"

तिनं टेपवरच्या आकड्याकडं पाहिलंच नाही.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "जेवढं हाय तेवढं बरोबर हाय."